आपल्या गंगेत डॉल्फिन का नाही?

श्रावणातली सकाळ. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय आणि गोदावरीचा रंग दुधाच्या चहासारखा झालाय. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय. नाशिकचा पूर मारुतीवरूनच मोजतात, आकडे नंतर.

गोदावरीला आपण नाशिककर सरळ गंगाच म्हणतो. त्यामुळे आजीचं बोट धरून आलेल्या नातीला प्रश्न पडलाय. "आजी, गंगेत डॉल्फिन असतात ना? मग इथे का नाहीत?"

प्रश्न रास्त आहे! पण ते डॉल्फिन उत्तरेतल्या गंगेचे आणि ब्रह्मपुत्रेचे. तिकडे त्यांना सूंस म्हणतात. श्वास घ्यायला वर आले की 'सूंऽऽ' ऐकू येतं.

हो, श्वास. डॉल्फिन मासा नाही. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. नाक थेट डोक्यावर. पिल्लू वासरासारखं आईचं दूध पितं. आणि माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची वर-खाली.

आता या पाण्याकडे बघा. हात बुडवला तर बोटंसुद्धा दिसत नाहीत. सूंस अशाच गढूळ पाण्यात राहतो, आणि त्याच्या डोळ्यांत भिंगच नसतं. उजेड-अंधार कळतो, एवढंच. मग मासा सापडतो कसा?

पांडवलेणीत टाळी वाजवून पाहिलीय? आवाज भिंतीवर आपटून परत येतो. सूंस तेच करतो. टक्-टक्-टक्! त्याच्या कपाळात चरबीचा गोळा असतो, त्यातून हा आवाज नेम धरून पुढे जातो. माशावर आपटून परतलेला आवाज खालच्या जबड्यातून कानापर्यंत पोचतो. जबड्याने ऐकायचं! आणि पाण्यात आवाज सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त.

२००९ मध्ये सूंस आपला राष्ट्रीय जलचर ठरला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशभरात नदीतले डॉल्फिन भरले ६,३२७. एवढ्या मोठ्या नद्यांना हे थोडेच. मासेमारीच्या जाळ्यात अडकला की त्याला वर येता येत नाही, आणि तो गुदमरतो.

"मग आपल्याला दिसणारच नाही?"

दिसेल की. घाट उतरून कोकणात जायचं, दापोलीजवळच्या मुरुडला. तिथे होडीतून समुद्रातले डॉल्फिन दाखवतात. त्यांचे डोळे मात्र चांगले असतात.

नातीने डोळे गच्च मिटलेत. जिभेने टक्-टक् करत ती घाटाच्या पायऱ्या चढतेय. आजीने तिचा दंड काही सोडलेला नाही.