डॅशबोर्ड तेल पीत नाही

(धुळ्यात वाहनचालक, गॅरेजवाले आणि सीट-कव्हर शिवणारे कारागीर यांच्यापुढे दिलेलं व्याख्यान. लिहून काढताना थोडं आवरलं आहे.)

मंडळी, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते ज्या गावात एकमेकांना छेदतात, तिथे गाड्यांवर बोलायला उभं राहणं धाडसाचंच काम. समोर बसलेल्या कित्येकांचं अर्धं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलंय. म्हणून इंजिनाला मी हात लावत नाही. बोलणार आहे ते रेग्झीनवर, डॅशबोर्डवर आणि त्यावर चोळायच्या पॉलिशच्या बाटलीवर.

या बाटलीवरून दोन पंथ पडलेत. पहिला म्हणतो, महिन्याला पॉलिश मारा, डॅशबोर्डला तेल मिळतं, तो तडकत नाही. दुसरा म्हणतो, त्या पॉलिशमधलं सिलिकॉनच आतलं तेल ओढून घेतं, म्हणून लावणाऱ्याचा डॅशबोर्ड आधी फाटतो. दोन्हीकडे पुराव्याला एकेक गाडी उभी असतेच. माझ्या मते आजार दोघांनाही दिसलाय, पण निदान दोघांचंही चुकलंय.

पीव्हीसी, म्हणजेच व्हायनल प्लास्टिक, आपल्याला परकं नाही. विहिरीवरून शेतात गेलेला राखाडी पाइप पीव्हीसीचा आणि सीटवरच्या रेग्झीनचा, मऊ डॅशबोर्डचा वरचा थरही बहुतेक पीव्हीसीचाच. पाइप घणाखाली फुटतो, रेग्झीनची मात्र घडी घालता येते. हा फरक सापडला १९२६ साली. अमेरिकेत वाल्डो सेमन नावाचा रसायनज्ञ रबर धातूला चिकटवायचा पदार्थ शोधत होता. त्याने पीव्हीसी एका द्रावकात घालून तापवलं, तर डिंकाऐवजी हाती आला रबरासारखा लवचिक गोळा. ते द्रावक पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरून बसलं होतं. अशा पदार्थाला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ रेग्झीनच्या थरात वजनाचा साधारण तिसरा हिस्सा हेच तेल असतं.

आता कणकेतलं मोहन आठवा. मळताना घातलं तर पुरी खुसखुशीत होते. तळून वातड झालेल्या पुरीवर वरून तेल फासलं तर ती चकाकते, पण खुसखुशीत होत नाही. व्हायनलचंही तसंच. प्लास्टिसायझर कारखान्यात, तापवून, मळून आत घातलेलं असतं. फडक्याने वरून चोळलेलं काहीही त्याची जागा घेत नाही. ‘डॅशबोर्डचं पोषण’ वगैरे बाटलीवर छापलेलं असतं, ते वाचून सोडून द्यावं.

मग आतलं तेल जातं कुठे? नवी गाडी काही दिवस उन्हात उभी करा आणि समोरच्या काचेला आतून बोट लावा. चिकट रेघ उठते. दिवसा हा चिकट थर दिसत नाही. रात्री समोरून ट्रकचे लाइट आले की सगळी काच धुरकट होते. त्या थरात डॅशबोर्डमधून उडालेलं प्लास्टिसायझरही असतं. त्याला उडवते ती उष्णता. २०१८ साली छापून आलेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत अॅरिझोनामधल्या टेंपी शहरात उन्हात उभ्या गाड्यांची मापं घेतली. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना तासाभरात डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, स्टिअरिंग ५३ वर. सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड ४८ च्या आसपास राहिला. बाहेर ३८ म्हणजे आपल्याकडे मार्च महिना. मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो तेव्हाचा हिशेब तुम्हीच करा.

उन्हाची उष्णता आणि उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण यांत मात्र गल्लत होते. समोरची काच दोन पदरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असलेली असते. २०१६ साली छापून आलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतच २९ गाड्यांच्या काचा तपासल्या, तेव्हा समोरच्या काचेने त्वचेला रापवणारे यूव्हीए किरण सरासरी ९६ टक्के अडवले आणि बाजूच्या काचांनी ७१ टक्के. म्हणजे डॅशबोर्डवर ‘यूव्ही प्रोटेक्शन’ चोळताना ते काम काचेनेच बरंचसं केलेलं असतं. त्याची खरी गरज दाराच्या वरच्या कडेला, रिक्षाच्या हुडाला, ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलच्या सीटला. तिथेही बाटलीतलं संरक्षण काही आठवड्यांचं. पुसलं, धुतलं की गेलं. टिकाऊ संरक्षण मालातच मिसळावं लागतं. ठिबकची नळी काळी असते ती हौस म्हणून नव्हे. तिच्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक घातलेलं असतं, म्हणून ती केळीच्या बागेत वर्षानुवर्षं उन्हात पडून राहते.

आता सिलिकॉनवरचा आरोप. बाजारात दुधासारखं पांढरं मिळतं ते बहुधा पाण्यात फेटलेलं सिलिकॉन तेल. हे तेल रसायन म्हणून फारच आळशी. प्लास्टिसायझरशी त्याचं फारसं जमत नाही, त्यामुळे ते त्याला ओढूनही काढत नाही. त्याला खुनी ठरवायला मी तयार नाही. पण काही पॉलिश तेलासारखी पारदर्शक असतात आणि बूच उघडलं की रॉकेलचा वास येतो. त्यांच्यापासून लांब राहा, कारण असलं पेट्रोलियम द्रावक प्लास्टिसायझर विरघळवून घेतं.

आणि वास ओळखायला बाटली तरी कशाला हवी? आपला ट्रकवाल्यांचा लाडका डिझेलचा पोचारा आहेच की! (हशा.) हसू नका. डिझेल लावलं की रेग्झीन फुगतं, काळंभोर दिसतं, दोन दिवस गाडी नवी वाटते. डिझेल उडून जाताना आतलं तेलही घेऊन जातं. मग आणखी कोरडं दिसतं म्हणून पुन्हा पोचारा. दुसऱ्या पंथाने ज्या तडकलेल्या गाड्या बघितल्या, त्यांतल्या बऱ्याचशा अशा पोचाऱ्याच्या किंवा रॉकेल-वासाच्या असाव्यात, असा माझा संशय आहे.

खोबरेल तेलाचीही तीच गत. सीट शिवणाऱ्यांना विचारा, जुनी सीट आधी कुठे कडक होते? मान टेकते तिथे. केसांचं तेल आणि घाम मिळून तिथलं रेग्झीन पुठ्ठ्यासारखं करतात आणि शिवणीच्या भोकाभोकातून चीर सुरू होते. त्या जागेला पॉलिशपेक्षा सौम्य साबणाचं पाणी आणि ओलं फडकं जास्त उपयोगाचं.

मघाशी मागून एका दादांनी विचारलं, “मंग लावनं का नही लावनं, तेवढं सांगा ना भो!” सांगतो. आधी बघा, तुमचा डॅशबोर्ड व्हायनलचा आहे का. आजच्या बऱ्याचशा लहान गाड्यांत तो टणक पॉलिप्रोपिलिनचा असतो. त्यात प्लास्टिसायझरच नसतं. तिथे पॉलिश म्हणजे निव्वळ शोभा. व्हायनल असेल तर पाण्यातलं, न चकाकणारं, फडक्यावर घेऊन पातळ लावा आणि कोरडं पुसून काढा. चकाकी ठेवलीत तर दुपारी डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि समोरचा रस्ता अर्धा दिसतो. शिवाय ओलसर थरावर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ अशी बसते की पुसताना पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. स्टिअरिंग, पेडल आणि मोटारसायकलच्या सीटला हे लावायचंच नाही. ब्रेकवरून पाय सटकला की पॉलिशची चर्चा करायला कोणी उरणार नाही.

पैसे घालायचेच असतील तर आधी समोरच्या काचेच्या आतून लावायच्या पडद्यात घाला. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंद केली, पण उभ्या गाडीत घडीचा पडदा लावायला कोणाची हरकत नाही. निंबाची सावली मिळाली तर तीही घ्या. वरून कावळ्यांनी काही केलं तर ते धुता येतं.

एक गोष्ट कारागिरांसाठी. चीर पडलेलं रेग्झीन चिकटवायला आलं तर गिऱ्हाइकाला आधी विचारा, यावर काय काय चोळलंय. सिलिकॉनचा थर असला तर डिंक धरत नाही आणि रंग मारलात तर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे उठतात. जागा नीट साफ केल्याशिवाय काम हातात घेऊ नका, नाहीतर आठवड्याने तोच गडी तीच सीट घेऊन दुकानापुढे उभा राहील आणि पैसे परत मागेल तुमच्याकडे, पॉलिश विकणाऱ्याकडे नाही.