मुशीत गेलेले रुपये

(भट्टी, अगदी जवळून. मूस लालभडक.)

आत चांदी आहे. मोडके वाळे, जोडवी, कुणाच्या तरी करदोड्याचा तुकडा. आता आबा, गलाईचे म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचे जुने कारागीर, सांडशीने मूस उचलतील, हाताकडे बघा, सत्तरी कधीच ओलांडलीय पण हात जरासुद्धा हलत नाही.

(चांदी साच्यात ओतली जाते.)

झाली लगड तयार.

हे विटा, सांगली जिल्हा. विटा, खानापूर, आटपाडी आणि पलीकडे साताऱ्यातलं माण-खटाव हा सगळा कमी पावसाचा पट्टा. शेतीवर भागेना म्हणून इथली पोरं गलाईच्या कामाला बाहेर पडली, कुणी मदुराईला, कुणी कोईमतूरला, कुणी पार कोलकात्याला. सोनाराकडून जुनं सोनं-चांदी घ्यायचं, वितळवायचं, शुद्ध करून परत द्यायचं. आजही देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, गलाईवाला बहुतेक याच भागातला निघतो.

(तेजाबाचं भांडं, तपकिरी धूर.)

हे नीट बघा. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी मिसळतात. ऐकायला उलटं वाटतं, पण चांदी सोन्याच्या साधारण तिप्पट झाली की मगच तेजाब, म्हणजे नायट्रिक ऍसिड, आतपर्यंत पोचतं. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाला सोन्याची तपकिरी भुकटी उरते, ती धुवायची, टाकणखार (बोरॅक्स) टाकून पुन्हा वितळवायची, तेव्हा कुठं तिला पिवळा रंग येतो. आणि वरचं पाणी फेकायचं नाही, त्यात तांब्याची पट्टी सोडायची. ही सोडली. आता पट्टीवर करडी बुरशी चढल्यासारखं दिसतंय ना, ती चांदी आहे, विरघळलेली परत आली.

तर ही जी वरून मिसळायची चांदी, ती कुठून यायची? आबा सांगतात, जुन्या रुपयांतून. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, रुपया हमखास. ११.६६ ग्रॅम वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी, हिशेब तोंडपाठ. १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ ला तर निकेलचाच रुपया आला, त्यामुळे आधीच्या रुपयांना गलाईत मान होता. मान होता म्हणजे ते आधी वितळले.

(टॅबलेटवर नाण्यांचे फोटो, आबांचं बोट.)

या व्हिडिओतला आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हा. आम्ही आबांना नुसतं आठवा म्हटलं नाही, फोटो समोर ठेवले. एकेक फोटो सरकतोय आणि ते सांगतायत, हा यायचा, हा नाही, हा क्वचित. इथं बोट थांबलंय बघा, हा अंकुशी रुपया. अक्षरं फारसी आहेत, नाव मुघल बादशहाचं, टांकसाळ मात्र मराठ्यांची. आबांना फारसी येत नाही, त्यांनी अंकुशाच्या खुणेवरून ओळखला, आणि मग झूम करून कडेचे बारीक ठोके दाखवले, सराफांनी चांदी तपासताना मारलेले. बहात्तरच्या दुष्काळात ते सुट्टीला गावी आले होते तेव्हा माणदेशातल्या घराघरांतून चांदी विकायला बाहेर निघाली, त्यात असे रुपये त्यांनी स्वतः हाताळलेत, म्हणतात.

अंकुशाची खूण एकाच टांकसाळीने वापरलेली नाही, त्यामुळे असा रुपया नेमका कुठला हे ठरवताना अभ्यासकांचं डोकं फिरतं. तिथं कुठल्या गावात कुठली नाणी घरात होती ही माहिती सोन्यासारखी आहे, आणि ती ना लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मिळते ना नाण्यावर. ती या माणसांकडे आहे. १८३५ ला ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला, त्याआधीचा जो गोंधळ होता तो उलगडायला टांकसाळींचे कागद लागतातच, पण ज्यांच्या भट्टीत तो गोंधळ वितळला त्यांनाही विचारायला नको का?

(टेबल, दोन दिवे, उभा केलेला कॅमेरा.)

आबांसारख्यांचं बोलणं आणि नाणी आम्ही जपून ठेवतो, त्यात नाण्याची नोंद अशी होते. दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी, उजेड एका बाजूने तिरपा, म्हणजे झिजलेली अक्षरं वर उठून येतात. वजन, व्यास, कड. मग आवाजाची फाइल, वेव्ह (WAV) मध्येच ठेवायची, दाबून लहान केलेली नाही. त्याखाली बोललेलं जसंच्या तसं लिहून काढायचं, शेजारी मिनिट-सेकंद, म्हणजे अंकुशी शोधलं की फोटो पण येतो आणि आबा ते बोलतात ती जागा पण. आबा मध्येच तमिळ शब्द वापरतात, ते तसेच ठेवलेत, पुसले नाहीत.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टल आहे, जुने लिलाव कॅटलॉग, नाणे मंडळांची मासिकं, व्हिडिओ, सगळं ऑनलाइन आणि फुकट. आपल्याकडे नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, म्हणजे अभ्यासाची परंपरा आहेच. बोलणाऱ्या माणसांचा आवाज मात्र त्यात अजून आला पाहिजे, मराठीत आला पाहिजे.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांबद्दल लोक बोलायला कचरतात. १८७८ च्या निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाच्या, कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, म्हणून रेकॉर्डिंगआधी ते स्पष्ट सांगायचं, परवानगी लिहून घ्यायची, आणि बोलणाऱ्याला नको असेल तर गावाचं नाव बंद ठेवायचं.

(गलाईच्या जुन्या दुकानाचा फोटो, पोरं भात्यापाशी.)

तुमच्या घरात कोणी गलाईला होतं, तर फोन आडवा धरा, पंखा बंद करा आणि आधी त्यांना स्वतःचं नाव, गाव, कुठल्या साली कुठल्या शहरात गेले ते बोलायला लावा. मग नाणी विचारा. कुठली यायची, कोण आणायचं, ओळखायची कशी. मध्ये बोलू नका, ते थांबले तरी थोडं थांबा. घरात एखादा जुना रुपया असेल तर तो त्यांच्या हातात द्या, दोन्ही बाजूंचा फोटो काढा, सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या. आणि घासू नका, चिंच-लिंबू तर अजिबात लावू नका, त्याच्यावरचा काळेपणा पण अभ्यासाला लागतो.