पडण्याचं प्रक्षेपण

आज मी साहसी खेळांच्या टीव्ही वाहिन्यांवर बोलणार हे कळल्यावर मघाशी चहा घेताना एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, "चोवीस तास नुसत्या उड्या दाखवणारं चॅनल? मग आमची होळकर पुलावरची पोरं काय वाईट होती?"

अजिबात नाही, काका. नाशिकला गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की पुलाच्या कठड्यावर रांग लागायची, आणि पोलिसाची शिट्टी वाजेस्तोवर दोघं-तिघं पुरात उतरलेले असायचे. पण त्या उडीला गुण देणारं कुणी नव्हतं.

टीव्हीने नेमकी तीच सोय केली. क्रिकेट आधी होतं, टीव्ही मागून आला. इथे गाडी उलटी. १९९५ साली ईएसपीएन या वाहिनीनेच अमेरिकेत र्‍होड आयलंडला 'एक्स्ट्रीम गेम्स' भरवले. पुढच्या वर्षी त्याचं 'एक्स गेम्स' झालं. गल्लीत, रिकाम्या हौदात स्केटबोर्ड खेळणार्‍या पोरांना पंच मिळाले, घड्याळ मिळालं, जाहिराती तर मिळाल्याच. १९९९मध्ये युरोपात एक्स्ट्रीम स्पोर्ट्स चॅनल सुरू झालं, तेही याच खेळांना वाहिलेलं.

त्याच वर्षी २७ जूनला सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स गेम्समध्ये टोनी हॉक हा अमेरिकन स्केटबोर्डपटू हवेत अडीच गिरक्या घ्यायला निघाला. नऊशे अंश. पडला. पुन्हा वर गेला, पुन्हा पडला, असं दहाहून जास्त वेळा. मध्येच स्पर्धेची वेळ संपली. नियमाप्रमाणे खेळ खलास! पण त्याला कुणी थांबवलं नाही, बाकीचे खेळाडू बोर्ड आपटत उभे राहिले, कॅमेरेही चालू राहिले. शेवटी तो उतरला, वाकून हात जवळजवळ टेकत, पण बोर्डवर. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातली सर्वात प्रामाणिक मिनिटं तीच. कारण पडणं कापलेलं नव्हतं.

एरवी कापतातच. आपल्या नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्याचा सरळसोट कडा १९८६ साली डग स्कॉट हा ब्रिटिश गिर्यारोहक चढला. अजून त्याला 'स्कॉटिश कडा' म्हणतात. दोन दिवस लागले त्याला. दोन दिवस खडकाला चिकटलेला माणूस कोण बघणार हो?

मीही त्यातलाच. गेल्या पावसाळ्यात त्याच हरिहरच्या पायर्‍यांवर शूटिंग करत होतो. माझ्या पुढचा एक मुलगा निम्म्यावर खाली बघून बसला तो बसलाच. ना वर, ना खाली. मागे माणसांची रांग. आम्ही त्याला खडकाकडे तोंड करायला लावलं, बाजूच्या खोबणीत बोटं घालायला लावली आणि पाय धरून एकेक पायरी खाली घेतलं. चाळीस मिनिटं गेली. कॅमेरा माझ्या गळ्यातच होता, चालू होता.

घरी येऊन रील केली. अकरा सेकंदांची, नुसती चढतानाची.