दोन रंगांचा एक, दोन सुरांचे दोनच

[दृश्य: अंधारी खोली, पांढरा पडदा, दोन टॉर्च]

डावीकडून लाल प्रकाश, उजवीकडून हिरवा. दोन्ही झोत हळूहळू जवळ येतायत. ते एकमेकांवर चढले, तिथे पाहा. पिवळा! या खोलीत पिवळा प्रकाश देणारा एकही दिवा नाही. तरी तो दिसतोय, आणि कितीही निरखून पाहिलंत तरी त्यातला लाल वेगळा काढता येत नाही, हिरवाही नाही.

[दृश्य: मोबाइलची स्क्रीन, अगदी जवळून]

तुमच्या हातातल्या स्क्रीनवरही हेच चालू आहे. लाल, हिरवे आणि निळे ठिपके, बस. बाकी सगळे रंग आपल्याच डोळ्यांत तयार होतात.

[दृश्य: नादकाटे. पाण्याला टेकताच उडणारे तुषार, संथ गतीत]

आता सुरांकडे या. हा नादकाटा सेकंदाला २५६ वेळा थरथरतो. हा दुसरा, ३८४ वेळा. आधी एकेक ऐका, मग दोन्ही एकत्र.

[निवेदन थांबेल. दोन्ही सूर पाच सेकंद.]

मधलाच एखादा सूर ऐकू आला? नाही. षड्ज षड्जाच्या जागी राहिला, पंचम पंचमाच्या. डोळ्याने दोघांचा एक केला होता. कानाने दोघांना दोनच ठेवलं.

[दृश्य: दृष्टिपटलाचं ॲनिमेशन]

रंग ओळखणाऱ्या पेशी डोळ्यात तीनच प्रकारच्या असतात. थॉमस यंग यांनी १८०२ मध्येच तसा अंदाज बांधला होता. यातली प्रत्येक पेशी मेंदूला फक्त एवढंच कळवते की मी किती उद्दीपित झाले. कोणत्या तरंगलांबीमुळे, ते ती सांगत नाही. शुद्ध पिवळ्या प्रकाशाने आणि लाल-हिरव्याच्या मिश्रणाने तिन्ही आकडे सारखेच आले, की मेंदूच्या लेखी दोन्ही एकच.

[दृश्य: आंतरकर्णाची प्रतिकृती फिरते, उलगडते]

कानाची रीतच निराळी. शंखासारखी वेटोळी घेतलेली ही नळी म्हणजे कॉक्लिया. ती उलगडली तर आतला पडदा भरतो सुमारे ३५ मिलिमीटर. प्रवेशापाशी तो अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि लवचीक. त्यामुळे प्रत्येक सुराला त्यावर आपली जागा मिळते: तार स्वर दाराशी, खर्ज पार आत. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत चांदीचे बारीक कण पसरले, लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शक लावला आणि पडद्यावरून सरकणारी लाट डोळ्यांनी पाहिली. १९६१ चं नोबेल त्यांना मिळालं ते याच कामासाठी.

आणि आवाका? सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा सप्तकं (कंपनं दुप्पट झाली की एक सप्तक). डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. एक सप्तकही पुरतं भरत नाही.

[दृश्य: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या केसपेशी. हे चित्र घाईने बदलू नये.]

या पाहा कॉक्लियातल्या त्या पडद्यावरच्या केसपेशी. माथ्यावरचे हे बारीक तंतू ओळीने, उतरत्या उंचीने उभे आहेत. एकाचं टोक शेजारच्याला सूक्ष्म धाग्याने बांधलेलं. लाट आली, तंतू कलले, धागा ताणला आणि पेशीचं दार उघडलं. मध्ये रसायनांची साखळी नाही. डोळ्यात ती असते, म्हणून डोळा संथ. सेकंदाला साठ-सत्तर वेळा लुकलुकणारा दिवा त्याला सहसा अखंड वाटतो. कान मात्र आवाजातली दोन-तीन मिलिसेकंदांची फट टिपतो, आणि दोन कानांवर आवाज पोचण्यातला एक लक्षांश सेकंदाचा फरकही त्याला पुरतो.

यासाठी किती पेशी राबतात? डोळ्यात बारा कोटींहून जास्त प्रकाशपेशी आहेत. कानात मेंदूपर्यंत ध्वनीची खबर पोचवण्याचं मुख्य काम साधारण साडेतीन हजार पेशी करतात. साडेतीन हजार! एका कानाचा सगळा भार एवढ्यांवर.

[दृश्य: पडद्यावरचा बोलणारा चेहरा, बाजूला ठेवलेला स्पीकर]

जागा हेरण्यात डोळा सरस, हे मान्यच. आवाज स्पीकरमधून येतो, तरी आपल्याला तो त्या ओठांतून आल्यासारखा वाटतो.

[दृश्य: पुन्हा केसपेशी. मोठ्या आवाजानंतर विस्कटलेले तंतू.]

मोठ्या आवाजाने मेलेली केसपेशी कोंबडीच्या पिल्लात काही आठवड्यांत पुन्हा उगवते. माणसात उगवत नाही. बहुधा आधी जातात त्या तार स्वरांच्या पेशी. मग स, श, फ निसटतात; बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. कामाच्या जागी पाळायचा एक हिशोब असा: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं.