पहिली लिंक दाबण्याआधी

संकेतस्थळावर वस्तूंची परीक्षणं वाचायला येणाऱ्याच्या मनात एक शंका आधीपासून असते: ही स्तुती करायचे यांना पैसे कोण देतं? अशा संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाची मांडणी तिथूनच सुरू करा. लोगो आणि रंग नंतर ठरवता येतात.

‘विश्वासार्ह परीक्षणं, अचूक सल्ला’ हे शीर्षक कुणालाही चालेल, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नाही. ‘आम्ही वस्तू विकत घेतो आणि तीन आठवडे वापरून मगच लिहितो’, असं लिहा. अर्थात ते खरं असेल तर. त्याखाली लगेच उत्पन्नाचं वाक्य हवं: ‘इथल्या लिंकवरून खरेदी झाली तर दुकान आम्हाला कमिशन देतं.’ बहुतेक जण हे वाक्य पानाच्या तळाशी फिकट करड्या रंगात ढकलतात. वाचक तिथे पोचेपर्यंत लिंक दाबून निघूनही गेलेला असतो. अक्षरं बाकी मजकुराएवढीच ठेवा आणि अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक (कॉन्ट्रास्ट) ४.५:१ च्या खाली नेऊ नका. वेबच्या सुलभता निकषांत साध्या मजकुरासाठी तेवढाच किमान फरक सांगितला आहे. बटणावरही ‘आता खरेदी करा’ नको. ‘दुकानातली किंमत पाहा’ पुरे.

आता तारे. दहा जणांपैकी पाचांनी ५ आणि पाचांनी १ दिला, तर सरासरी ३. दहाही जणांनी ३ दिले, तरी सरासरी ३च. पहिल्या वस्तूचे बरेच नग बिघडत असावेत, दुसरी नुसतीच सुमार आहे. सरासरी हा फरक गिळून टाकते. म्हणून आकड्याशेजारी मतांची संख्या आणि प्रत्येक ताऱ्याची पट्टी दाखवा. तुमच्या चाचणीचे गुण आणि वाचकांचे तारे यांची बेरीज तर कधीच करू नका. दोन्हींतून मोजलं जातं ते वेगळं असतं.

वरच्या तीन-चार कार्डांत, म्हणजे एकेका वस्तूच्या चौकटींत, एखादं ‘घेऊ नका’ असू द्या, कारणासकट. सगळंच उत्तम दिसलं की वाचकाला ते परीक्षण वाटत नाही, दुकान वाटतं.

तारखा दोन हव्यात: चाचणी कधी झाली आणि किंमत कधी पाहिली. रोज आपोआप बदलणारी ‘अद्ययावत’ तारीख म्हणजे सरळ लबाडी.

वेगाबद्दल थोडक्यात: मुख्य चित्र किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती पान उडी मारण्याची. चित्राची लांबी-रुंदी कोडमध्ये दिली नाही, किंवा जाहिरातीसाठी जागा आधी राखली नाही, की उशिरा आलेली जाहिरात मजकूर खाली ढकलते आणि बोट नेमकं खरेदीच्या बटणावर पडतं. इतर ठिकाणी ही चूक ठरेल. परीक्षणाच्या पानावर तो डाव वाटतो.

शेवटी पाच अनोळखी माणसांना पान मोबाइलवर द्या. पहिली लिंक दाबताक्षणी त्यांना थांबवा आणि विचारा, ‘यांना पैसे कुठून मिळतात?’ दोघांना जरी सांगता आलं नाही, तरी ते वाक्य आणखी वर न्या.