रोपाचं चौथं वर्ष

आज बोलायचंय ते बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं जगणाऱ्या फुलझाडांबद्दल. हा शब्द ऐकला की माणसं खूश होतात. एकदा लावलं की झालं, दर वर्षी बी नको, रोपं नकोत. झेंडू, कॉसमॉस एका हंगामात आपला कारभार आटोपतात आणि लावताना आपण केलेली चूकही बरोबर घेऊन जातात. कर्दळ, शेवंती, जरबेरा, डे लिली यांच्या बाबतीत मात्र आपली चूकसुद्धा बहुवर्षायू होते.

माझंच सांगतो. माझा पहिला वाफा ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद होता. त्यात मी डे लिलीची चोवीस रोपं लावली. एवढी एवढीशी होती, मधली मोकळी माती बघवत नव्हती. दोन वर्षं वाफा देखणा दिसला. तिसऱ्या वर्षी पानांत पानं गुंतली, चौथ्या वर्षी फुलांचे दांडे निम्म्यावर आले. हिशेब साधा होता. या लिलीचा ठोंब तीन-चार वर्षांत सहज ६० सेंटिमीटर पसरतो. म्हणजे माझ्या वाफ्यात दहाच मावत होत्या. चौदा रोपं मी गर्दी करायला लावली होती. आता दहाच लावतो आणि पहिली दोन वर्षं मधल्या जागेत कॉसमॉस फेकतो. वाफा उघडाबोडका दिसत नाही आणि लिलीला वाढायला जागा राहते.

म्हणून रोप निवडताना त्याचं चौथं वर्ष डोळ्यांसमोर आणा. रोपवाटिकेत आपण फुलावर भाळतो. फुलं लागलेलं एकाच दांड्याचं रोप आणि बिनफुलाचं, पण बुडाशी तीन फुटवे असलेलं रोप शेजारी असेल तर दुसरं उचला. शक्य असेल तर कुंडीतून अलगद काढून मुळं बघा. मुळांनी मातीच्या गोळ्याला वेटोळे घातले असतील तर रोप फार दिवस अडकून पडलंय. लावताना ती वेटोळी बोटांनी सोडवावी लागतील.

आणि पानांकडे बघा. पानांचा विचार कुणी करत नाही. डे लिलीचं एक फूल एकच दिवस टिकतं. हेमेरोकॅलिस या तिच्या शास्त्रीय नावाचा मूळ ग्रीक अर्थच एका दिवसाचं सौंदर्य असा आहे. दांड्यावर कळ्या पुष्कळ असतात, त्यामुळे बहर काही आठवडे चालतो. पण उरलेलं वर्ष तुम्ही पानंच बघणार ना? मोठ्या बागेत एखादा कोपरा सुना राहिला तर चालतं, लहान बागेला कोपराच एक असतो. तलवारीसारख्या पानांशेजारी कर्दळीचं रुंद पान लावा, फुलं नसतानाही तिथे नजर थांबते.

ऊन मोजल्याशिवाय काही लावू नका. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला भिंतीची सावली जिथे संपते तिथे दगड ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा ठेवा, दगड भलतीकडेच जातात. रात्रीचा उजेडही बघा. शेवंती रात्र लांबत गेली की कळ्या धरते. तिच्या डोक्यावर रात्रभर दिवा जळत असेल तर फुलणं लांबतं, कधी पानांवरच भागतं. दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. आपल्याला मात्र दिव्याचं बटण आठवत नाही, आपण खत बदलत बसतो.

लावण्याच्या खोलीबद्दल एकच सांगतो. जरबेऱ्याचा गाभा, म्हणजे जिथून नवी पानं निघतात ती जागा, मातीच्या वर राहिली पाहिजे. तो पुरला की कुजतो. आच्छादन पाच-सात सेंटिमीटर जाड घाला, पण कुठल्याच रोपाच्या बुडाला चिकटवू नका. पाणी रोज झारीभर शिंपडू नका. त्यानं वरची माती ओली होते आणि मुळं वरच घोटाळतात. एका चौरस मीटरला २५ लिटर दिलं म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं झालं. तेवढं द्या आणि बोटभर खाली माती कोरडी लागेपर्यंत थांबा.

खरं काम आहे ठोंब फोडण्याचं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. जोमात असलेलं झाड उपटायला हात धजावत नाही. पण तीन-चार वर्षांच्या शेवंतीकडे वरून बघा: कडेनं हिरवेगार मुनवे, म्हणजे बुडातून आलेले नवे फुटवे, आणि मधे टक्कल. मधला भाग म्हातारा झालेला असतो. तो टाकायचा, कडेचे मुनवे लावायचे. डे लिलीसाठी बहर संपल्यावर, जमिनीत वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, ठोंबाभोवती गोल खणा आणि अख्खा गड्डा उचला. पाण्याच्या धारेखाली धरलात की पांढरी, मधेमधे फुगलेली मुळं दिसतात आणि पानांचे पंखे कुठे सुटे होतात तेही कळतं. बरेचसे हातानं सुटतात. नाही सुटले तर जुनी सुरी घ्या. एका तुकड्यात दोन-तीन पंखे ठेवा, पानं वीतभर उरतील इतकी छाटा. पान जिथे पांढऱ्याचं हिरवं होतं तिथवर पूर्वी माती होती, तिथवरच पुन्हा पुरा.

कर्दळीचं गणित वेगळं. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो थेट बुडाशी कापा. शेजारून नवा येतोच.

सोनटक्का लावावा का, असं मघाशी तुमच्यातल्या कुणीतरी विचारलं. वास सुरेख, पण ओली जागा मिळाली की जमिनीखालून गड्डे पसरत जातात. काही देशांत तो उपद्रवी वनस्पती ठरलाय. माझ्याकडे त्यानं दोन वर्षांत निशिगंधाची अख्खी ओळ गिळली. आता तो कुंडीत कैद आहे.

मागच्या टेबलावर डे लिलीचे तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेत, जाताना एकेक घेऊन जा. दोन मागू नका. सोनटक्का आणलेला नाही.