कर्जाचं नवंजुनं आणि राज्याचा कौल

मार्च आला की गावच्या सोसायटीत एकच शब्द कानावर पडतो: नवंजुनं. जुनं पीककर्ज नव्या कर्जातून वळतं करायचं, खातं थकू द्यायचं नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरानं १८९२ साली हेच केलं, आणि त्यासाठी अख्ख्या लुइझियाना राज्यानं मतदान केलं.

यादवी युद्धानंतर हे शहर कर्जात बुडालेलं होतं. १८७०च्या दशकात त्यानं ‘प्रीमियम बाँड’ काढले. रोखा २० डॉलरचा. वर्षाचं व्याज हातात पडायचंच नाही. सोडतीत नंबर लागला की मुद्दल आणि व्याज एकदम, आणि नशीब जोरावर असेल तर वर बक्षीस. देणेकऱ्यानं आपली देणी सोडतीवर टाकावीत, ही मला कर्जबाजारीपणापेक्षाही वाईट अवस्था वाटते.

आता प्रश्न असा, की शहराच्या रोख्यांवर दूरच्या खेड्यातल्या कापूस शेतकऱ्यानं मत का द्यायचं? कारण सावकारांचे हात पोळले होते. राज्यानं शहराचा कर बसवण्याचा अधिकारच छाटला होता. वुल्फ नावाच्या रोखेधारकाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १८८१ साली न्यायालयानं बजावलं की ज्या कराच्या भरवशावर कर्ज मिळालं, तो अधिकार मागाहून काढून घेता येत नाही. तरी एका विधानसभेनं दिलेला शब्द पुढची विधानसभा फिरवील, ही धास्ती होतीच. म्हणून जुन्या कर्जाच्या जागी नवे रोखे काढायचे आणि ते फेडण्याचा शब्द थेट राज्यघटनेत लिहायचा ठरलं, आणि घटनादुरुस्तीला साऱ्या राज्याचा कौल लागतो. एप्रिल १८९२मध्ये तो मिळाला. त्याच निवडणुकीत राज्यातल्या बलाढ्य लॉटरी कंपनीच्या परवान्याची मुदतवाढ लोकांनी प्रचंड बहुमतानं फेटाळली. नव्या रोख्यांना नावच पडलं ‘कॉन्स्टिट्यूशनल बाँड’: १ कोटी डॉलर, व्याज ४ टक्के, मुदत १९४२पर्यंत.

कर्ज स्वस्त झालं, शहराची पत परत आली. हे मोठंच काम होतं, आणि मी ते मनापासून मान्य करतो. पण ५० वर्षांचं देणं डोक्यावर घेतलं, तेव्हा मत देणारे पुढे मतदार तरी राहिले का? १८९८मध्ये काळ्यांचा मताधिकार छाटणारी नवी राज्यघटना आली. त्याआधी राज्यात १ लाख ३० हजार काळे मतदार नोंदलेले होते. १९०० साली उरले सुमारे ५ हजार. कर मात्र त्यांचा कोणी माफ केला नाही. याची चीड आल्याशिवाय मला हा इतिहास सांगताच येत नाही.

आणि तिजोरीची किल्ली? ती शहराचं कर्ज फेडण्यासाठी १८८० साली नेमलेल्या ‘बोर्ड ऑफ लिक्विडेशन’ या मंडळाकडे. त्यात सहा नागरिक असतात. एखादी जागा रिकामी झाली की नवा माणूस बाकीचेच निवडतात, जनता नव्हे. महापौर पदसिद्ध सदस्य असतो, पण बहुमत त्या सहांचं. हे मंडळ आजही आहे. शहराला रोखे काढायचे तर अजून त्याच दारी जावं लागतं.